२५ मेचं संमेलन

मे महिन्यात पुण्यातली वसतिगृहं ओस पडतात. गावोगावची मुलं घरी जातात ती जूनमध्येच परततात. सुदान, टांझानिया, इथिओपियाहून शिकायला आलेली बरीच मुलं मात्र इथेच राहतात. सुट्टीपुरतं जाऊन यायचं तर विमानाचं भाडं परवडत नाही. आफ्रिकेविषयी लोकांना कळावं, बोलणं व्हावं म्हणून चालणाऱ्या आमच्या छोट्या मंडळाचं वार्षिक संमेलन त्यामुळे भर उन्हाळ्यातही भरलेलं असायचं. तारीख ठरलेली, २५ मे. १९६३ साली याच दिवशी इथिओपियातल्या अदिस अबाबात स्वतंत्र आफ्रिकी देशांनी एकत्र येऊन आफ्रिकी ऐक्य संघटना स्थापन केली, म्हणून हा आफ्रिका दिन.

मंडळाचा एक नियम फार कडक होता. ‘आफ्रिकेत असं असतं’ हे वाक्य चालायचं नाही. कोणत्या देशात, कुठल्या भागात, ते सांगायचं. पन्नासहून जास्त देशांना एका शब्दात गुंडाळायची सवय आपल्याला इतकी असते की जुने सभासदही अडखळायचे, आणि मागच्या रांगेतून लगेच आवाज यायचा, "काका, कोणता देश?" दरवर्षी एक देश घ्यायचा, बोलणार तिथलीच मुलं, आपण प्रश्न विचारायचे. मला हे फार योग्य वाटायचं, अजूनही वाटतं.

मोझांबिकचं वर्ष माझं विशेष आवडतं. एक मुलगी तिथले पहिले राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांच्याविषयी बोलली. १९८६ च्या विमान अपघातात ते गेले, इथवर ती आली, तेव्हा एक गोवेकर आजोबा उठले आणि म्हणाले, "त्याच विमानात आमचा आकीनो द ब्रागांसा होता, बाळ." गोव्यात जन्मलेला हा माणूस पोर्तुगीज वसाहतींच्या मुक्तीसाठी आयुष्यभर लढला आणि माशेल यांचा निकटचा सल्लागार झाला, हे सभागृहातल्या निम्म्या मराठी माणसांना ठाऊक नव्हतं. तिला मात्र ठाऊक होतं. मग बोलणं केनियाकडे वळलं, पियो गामा पिंटोंकडे. जन्म नैरोबीचा, घराणं गोव्याचं. केनियाच्या स्वातंत्र्यासाठी त्यांनी तुरुंगवास सोसला आणि १९६५ मध्ये नैरोबीतच त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. त्या दिवशी जेवणं तासभर उशिरा झाली.

जेवणानंतर इथिओपियाच्या मुली कॉफी करायच्या. हिरव्या बिया समोरच भाजायच्या, धूर सगळ्यांपुढे फिरवायचा, मग कुटून जेबेनात, म्हणजे मातीच्या सुरईत, उकळायच्या. तीन फेऱ्या होतात: अबोल, टोना, बराका. तिसरी घेतल्याशिवाय उठायचं नसतं, आणि खरी चर्चा तिथेच रंगायची.

२०२३ मध्ये पाळी घानाची होती. पण १५ एप्रिलला सुदानची राजधानी खार्टूममध्ये लष्कर आणि आरएसएफ ही निमलष्करी फौज यांच्यात युद्ध पेटलं. आमच्याकडे येणाऱ्या सुदानी मुलांचे घरी फोन लागेनात. घानाच्या मुलांनी आपण होऊन दिवस सोडला. एका मुलाने आपल्या गल्लीचा नकाशा फळ्यावर काढला: इथे बेकरी, इथे आत्याचं घर, इथे आता चौकी. मंडळातल्या एका निवृत्त फौजी काकांनी मग खडकवासल्याची गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ तेव्हाच्या सुदान सरकारने एक लाख पौंड दिले होते. फाळणीनंतर भारताच्या वाट्याला आलेली रक्कम तिथल्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी (एनडीए) वापरली गेली, आणि तिथली मुख्य इमारत आजही ‘सुदान ब्लॉक’ म्हणूनच ओळखली जाते. "तुमचं नाव आमच्या दारावर आहे," काका म्हणाले. त्याच संध्याकाळी फी आणि खोलीभाड्यासाठी वर्गणी सुरू झाली.

तेव्हापासून देश कोणताही असो, पहिला तास सुदानचा. घानाची पाळी पुढच्या वर्षी आली. जोलोफ भात कोणाचा चांगला, यावरून घाना आणि नायजेरियाच्या मुलांची अशी जुंपली की शेवटी सुदानी मुलांना पंच म्हणून बसवलं. त्यांनी दोन्ही पातेली रिकामी केली आणि निकाल पुढच्या २५ मेपर्यंत राखून ठेवला.