दोन्ही चाकं तापत होती: बोटीच्या जुन्या ट्रेलरचे ब्रेक दुरुस्त करताना

बोट पाण्यात उतरवायला निघालो होतो. अर्ध्या तासाने सवयीप्रमाणे थांबलो, ट्रेलरच्या हबला (चाकाच्या मधल्या भागाला) हात लावला आणि चटकन मागे घेतला. दोन्हीकडची हब सारखीच तापली होती. ब्रेकचं लायनर, म्हणजे घासणारा थर, जळल्याचा वासही येत होता. एकच हब तापली असती तर बेअरिंगवर संशय घेतला असता. दोन्ही तापल्या, याचा अर्थ ब्रेक लागत होते पण सुटत नव्हते. हब गार झाल्यावर चाकं मोकळी झाली, तशी हळूहळू गाडी परत आणली. बोट त्या दिवशी पाण्यात उतरलीच नाही.

या ट्रेलरच्या ब्रेकला पेडल नसतं. पुढची गाडी थांबायला लागली की मागच्या ट्रेलरचं वजन पुढे रेटतं, कपलरचा (ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या भागाचा) आतला भाग मागे सरकतो आणि त्याचा दांडा मास्टर सिलिंडरचा पिस्टन दाबतो. तिथून पुढे सगळं नेहमीच्या ड्रम ब्रेकसारखं: तेलाचा दाब व्हील सिलिंडरमध्ये जातो, पिस्टन बाहेर येतात, लायनर लावलेले शू ड्रमला आतून टेकतात. गाडीने पुन्हा वेग घेतला की कपलर पुढे ओढला जातो, तेल टाकीत परत येतं आणि चाकं मोकळी होतात. माझ्याकडे हे परत येणंच अडलं होतं. तेल नेमकं कुठे अडतंय, एवढाच खरा प्रश्न होता, आणि तो मी स्वतःला फार उशिरा विचारला.

सुरुवात कपलरपासून केली. ट्रेलर गाडीपासून सुटला तर आपोआप ब्रेक लागावेत म्हणून तिथे साखळीला जोडलेला एक आणीबाणीचा लिव्हर असतो. तो चुकून ओढला गेला की खाचेत अडकून बसतो आणि ब्रेक लागलेलेच राहतात. तो जागेवर होता. सरकणारा भाग मात्र गंजून जड झाला होता. दांडा पूर्ण परत येत नसेल तर मास्टर सिलिंडरमधलं तेल परत जाण्याचं बारीक भोक झाकलेलं राहतं आणि दाब अडकतो, हे मला माहीत होतं. झालं, दोषी सापडला असं वाटलं. सगळं खोललं, गंज घासून काढला, ग्रीस लावलं, मास्टर सिलिंडर नवा बसवला. दोन शनिवार-रविवार गेले. चाकं पहिल्यासारखीच जाम.

मग अंदाज बाजूला ठेवले. बोट ट्रेलरवरून आधीच उतरवलेली होती. ट्रेलर जॅकने उचलून स्टँडवर भक्कम ठेवला (नुसत्या जॅकवर ठेवून खाली कधीही जाऊ नये). कपलर बारने मागे रेटला, मग सोडला. दोन्ही चाकं हाताने हलेनात. उजव्या चाकाचा ब्लीडर (तेल-हवा बाहेर सोडायचा स्क्रू) सैल करताच तेलाची चिळकांडी उडाली आणि दोन्ही चाकं मोकळी झाली, कारण एक्सलवरच्या एकाच टी-जोडातून दोन्हीकडे तेल जातं. म्हणजे ड्रममध्ये काही अडकलेलं नव्हतं. दाबच कोंडला होता.

ब्लीडर बंद केला, पुन्हा दाब दिला, सोडला, चाकं पुन्हा जाम. या वेळी चॅसीवरची लोखंडी नळी रबरी हौजला मिळते तिथला पुढचा जोड सैल केला. तेल फक्त पाझरलं, चाकं जामच. मग हौजचा मागचा, एक्सलकडचा जोड सैल केला. चिळकांडी, आणि चाकं मोकळी. दोष या दोन जोडांच्या मध्ये होता.

तो हौज बाहेरून अगदी धड दिसत होता. चिरा नाहीत, फुगवटा नाही. उभा कापला तेव्हा आतलं रबर सुजून भोक सुईएवढं उरलेलं दिसलं. ब्रेक दाबताना मास्टरचा जोर एवढा असतो की तेल तिथूनही पुढे जातं. परतताना मागे फक्त शूच्या स्प्रिंगांचा जोर असतो, तो पुरत नाही.

आता एवढं खोललंच होतं तर ड्रमही काढले. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून हवेचा झोत मारला नाही. ब्रेक क्लीनरने भिजवून ओल्या फडक्याने पुसलं. व्हील सिलिंडरमधलं तेल चहासारखं तपकिरी, डाव्याच्या पिस्टनवर गंजाचे खड्डे. दोन्ही बदलले. तिथे आणखी एक गोष्ट सापडली. या प्रकारच्या ब्रेकमध्ये आखूड लायनरचा शू पुढच्या बाजूला आणि लांब लायनरचा मागच्या बाजूला लागतो. उजवीकडे तसंच होतं, डावीकडे कुणीतरी पूर्वी उलटं बसवलेलं. म्हणजे डावं चाक कितीतरी वर्षं अर्ध्याच ताकदीने थांबत असणार. बोटीचं एवढं वजन मागे घेऊन मी उतार उतरलो होतो, या विचाराने अजूनही पोटात गोळा येतो.

लोखंडी नळी क्लॅम्पखाली गंजली होती. तिच्या जागी ३/१६ इंची तांबे-निकेलची नळी घातली, टोकं डबल फ्लेअर करून, म्हणजे दुहेरी दुमडून पसरवून. ब्रेकच्या नळीला कॉम्प्रेशन जोड (नुसता कड्याने आवळलेला) अजिबात लावू नये, कितीही सोपा वाटला तरी.

नळ्यांतली हवा काढायला पुतण्या मदतीला आला. मी बारने कपलर रेटायचा, तो ब्लीडर उघडायचा, मी बार सोडण्याआधी तो बंद करायचा. सुरुवात सगळ्यात लांबच्या चाकापासून. तेल सीलबंद डब्यातलं डॉट ३ (ब्रेकच्या तेलाचा एक दर्जा) वापरलं. हे तेल हवेतली ओल शोषतं. कोरडं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, ओल धरल्यावरची किमान मर्यादा १४० अंश. ट्रेलर तर पाण्यातच बुडतो, म्हणून उघडा पडलेला जुना डबा मी बाजूला काढला. बऱ्याच वेळाने पुतण्या म्हणाला, "काका, आता नुसतं तेल येतंय, बुडबुडा नाही." तरी आणखी चार वेळा रेटलं.

शेवटी शू ॲडजस्ट केले. चाक पुढच्या दिशेने फिरवत दात्यांचं चाक घट्ट करत गेलो, ट्रेलरचं चाक फिरेनासं झाल्यावर दात्यांचं चाक सुमारे दहा दाते मागे घेतलं. दिशा महत्त्वाची, कारण माझे ब्रेक ट्रेलर मागे घेताना सुटणाऱ्या जातीचे आहेत. उलटं फिरवून तपासलं तर धड ब्रेकही नादुरुस्त वाटतो.

पुढच्या रविवारी रिकामा ट्रेलर घेऊन निघालो. वीस मिनिटांनी थांबलो, आधी डाव्या हबला हात लावला, मग उजव्या. दोन्ही कोमट. तळहात तसाच टेकवून बराच वेळ उभा राहिलो.