तुम्ही विचारलंत म्हणून: व्हिएतनामला खाल्लंस तरी काय?

व्हिएतनामहून परत आल्याला बरेच दिवस झाले, पण हालाँगच्या उपसागराबद्दल मला अजून एकाही माणसाने विचारलेलं नाही. लिफ्टमध्ये, भिशीत, लग्नाच्या पंगतीत प्रश्न एकच: "अगं, तू तर शुद्ध शाकाहारी. एवढे दिवस तिकडे खाल्लंस तरी काय?" माझ्या नवऱ्याला हे कोणी विचारत नाही. तो मालवणचा. त्याची काळजी करायचं कारणच नाही.

थोडक्यात उत्तर: चाय. चहा नव्हे. व्हिएतनामी भाषेत शाकाहारी जेवणाला 'चाय' म्हणतात आणि हनोईत चहाला म्हणतात 'चा'. हा घोळ खास आपल्यासाठीच घालून ठेवलाय, असं मला पहिले दोन दिवस वाटत होतं.

पण घोळ तिथे संपत नाही. त्यांच्याकडे शब्द कुठल्या सुरात म्हटला यावर अर्थ ठरतो आणि हनोईच्या बोलीत असे सहा सूर आहेत. आपण काही विचारलं की शेवटी आवाज आपोआप वर चढतो. तशी मी प्रत्येक खाणावळीच्या दारात उभी राहून विचारायचे, "चाय?" बायका दचकायच्या. एकीने तर मागे वळून शेगडी बघितली. तिसऱ्या दिवशी गेस्टहाऊसच्या मुलीने पोट धरून हसत उलगडा केला. सपाट सुरात चाय म्हणजे शाकाहारी, सूर वर चढवला की 'आग', आणि खाली दाबून तोडला की 'पळ'. म्हणजे हनोईच्या जुन्या पेठेत मी दोन दिवस आगीची वर्दी देत फिरत होते.

तिनेच मग एका चिठ्ठीवर लिहून दिलं: 'तोय आन चाय', मी शाकाहारी आहे. त्यांची लिपी रोमन, त्यामुळे पाट्या आपल्याला लावता येतात. सी-एच-ए-वाय दिसलं की आत शिरायचं.

तो दिवस होता 1 नोव्हेंबर 2024, लक्ष्मीपूजनाचा. लग्नानंतर पहिल्यांदाच आम्ही दिवाळीत घराबाहेर होतो आणि सासूबाईंचा फोनवरचा आवाज त्याची जाणीव करून देत होता. संध्याकाळी खाली उतरलो तर दुकानादुकानासमोर उदबत्त्या, फळांची ताटं, आणि फुटपाथवर पत्र्याच्या डब्यात जळणाऱ्या कागदी नोटा. क्षणभर वाटलं, इथेही दिवाळी? दिवाळी नव्हती, पण त्यांच्या चांद्र महिन्याचा पहिला दिवस होता. दर महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला तिकडची पुष्कळ माणसं चाय खातात. एरवी सगळं खाणारीसुद्धा. अगदी आपल्याकडच्या 'आज संकष्टी आहे हं' सारखं. एरवी जिच्या पातेल्यात गोमांसाच्या हाडांचं पाणी उकळत असतं, तिच्याकडे त्या संध्याकाळी 'फो चाय' होता. तांदळाच्या शेवया, टोफू, अळंबी, वरून मूठभर ओला पाला. पन्नास हजार डाँग, म्हणजे आपले एकशे सत्तरच्या आसपास.

शाकाहार हे तिथे कुठल्या जातीचं किंवा घराण्याचं लक्षण नाही, तिथीचं आहे. मला हे फार आवडलं. बौद्ध परंपरेतलं कडक चाय असेल तर कांदा-लसूणही वर्ज्य, म्हणजे चातुर्मास पाळणाऱ्या माझ्या आत्यालाही तिथे चाललं असतं. फक्त एक सांगून ठेवते: चाय खाणावळीत ताटात कोळंबी आली तर किंचाळू नका. मी किंचाळले. ती सोयाबीनची होती. नवऱ्याने एक तोंडात टाकून "हिला कोळंबी म्हणणं म्हणजे कोळंबीचा अपमान" असा निकाल दिला.

आता कबुली. तिथे मिठाच्या जागी बहुतेक ठिकाणी 'नुओक माम' असतं, माशांना मीठ लावून महिनोन्‌महिने मुरवल्यावर निघणारं पाणी. चिठ्ठी नव्हती त्या दोन दिवसांत मी लसणावर परतलेली नाळीची भाजी दोनदा ताटली पुसून खाल्ली. परतीच्या विमानात नवरा म्हणाला, "त्या भाजीत माशाचं होतं." मालवणी नाक ते, चुकायचं नाही.

"तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुला इतकी आवडली होती."

पुढचा संवाद छापण्यासारखा नाही.

चाय जेवणाची खरी चैन हुएला. न्गुएन राजांची ही जुनी राजधानी, विहारांनी भरलेली. चाय खाणावळी गल्लोगल्ली. तिथल्या तिएन मू विहारात एक निळी ऑस्टिन मोटार ठेवली आहे. 11 जून 1963 ला थिक क्वांग डुक हे भिक्खू याच गाडीतून सायगावच्या एका चौकात आले, रस्त्यावर मांडी घालून बसले आणि दक्षिण व्हिएतनामचं तेव्हाचं दिएम सरकार बौद्धांवर करत असलेल्या अन्यायाच्या निषेधात त्यांनी स्वतःला पेटवून घेतलं. मागे लावलेल्या छायाचित्रात ती गाडी दिसते. आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही. माझा तो आगीचा विनोद तोवर प्रत्येक जेवणाला व्हायचा. हुएनंतर आम्ही तो केला नाही.

होई आनबद्दल एवढंच: दिवाळीची सुट्टी म्हणजे मध्य व्हिएतनामचा पावसाळा, हे आम्हाला तिकिटं काढल्यावर कळलं. नदीकाठच्या रस्त्यावर घोटाभर पाणी होतं आणि एका जुन्या घराच्या भिंतीवर कुठल्या वर्षी पूर कुठवर चढला त्याच्या खुणा होत्या. आपण पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळी विचारतो, तशा त्या मी वाचत बसले. 'मी सोन' नावाच्या ठिकाणी मात्र पाऊस उघडला. चंपा या तिथल्या जुन्या राज्याच्या राजांनी बांधलेली विटांची शिवालयं, 1969 च्या अमेरिकी बॉम्बफेकीत पुष्कळशी कोसळलेली. काहींची डागडुजी आपल्या पुरातत्त्व खात्याने केली आहे. तिथे नवऱ्याने हात जोडले, आणि बाहेर येऊन डुकराच्या मांसाचा पाव खाल्ला. त्याचं तो जाणे.

शेवटचा मुक्काम सायगाव. 15 नोव्हेंबर, आपली त्रिपुरी पौर्णिमा, त्यांच्या महिन्याची पंधरावी तिथी. मेतकूट, थेपले, लाडू असं दोन किलो ओझं मी मुंबईहून वाहून नेलं होतं, 'असू दे हाताशी' म्हणून. त्यातल्या तीन चकल्या उरल्या होत्या. गेस्टहाऊसच्या मालकीणबाई देवापुढे फळं मांडून नुकत्याच बसल्या होत्या. त्यांनी पपनसाची सोललेली फोड माझ्या हातावर ठेवली, म्हणून मी डबा पुढे केला. त्यांनी चकली उचलली, उलटसुलट करून बघितली, नाकाशी नेली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "चाय?"

मी आवाज अगदी सपाट ठेवला. "चाय."

त्यांनी चकली मोडली आणि अर्धी नवऱ्याला दिली.