युगेंडआम्टची भीती आणि वहिनीची अंगणवाडी

इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'युगेंडआम्ट' असं कुणी नुसतं लिहिलं, तरी मेसेजचा पाऊस पडतो. युगेंडआम्ट म्हणजे जर्मनीतलं बालकल्याण कार्यालय. शहरागणिक, जिल्ह्यागणिक वेगळं. बाळ रात्री रडलं तर खिडक्या लावून घ्या, शेजारीण तक्रार करेल, 'ते' येतील आणि पोर उचलून नेतील, असा उपदेश नव्या जोडप्याला फुकट मिळतो. साताऱ्यात आईच्या कानावरही हे गेलेलं. माझ्या बाळंतपणाला यायच्या आधी तिनं फोनवर विचारलं, "तेल लावून शेक-शेगडी केली तर चालंल ना गं तिथल्या सरकारला?"

तेल चालतं. शेगडीचं म्हणाल तर घरातला धुराचा अलार्म सरकारच्या आधी बोंबलतो.

बाळ झाल्यावर बऱ्याच शहरांत युगेंडआम्टची बाई खरंच घरी येते, पण आधी पत्र पाठवून, वेळ ठरवून आणि माहितीपत्रकांची पिशवी घेऊन. पाळणाघर कुठं, रडणं आवरेना तर मदत कुठं मिळते, हे सांगते आणि जाते. जन्मापासून साधारण पाच वर्षांपर्यंत बाळाच्या डॉक्टरकडे ठरलेल्या तपासण्या असतात, त्या पिवळ्या वहीत नोंदवायच्या असतात. काही राज्यांत त्या चुकवल्या की विचारणा करणारं पत्र येतं. आईबापाचं उत्पन्न न पाहता प्रत्येक मुलामागे भत्ता मिळतो, २०२५ साली तो दरमहा २५५ युरो होता. तो देणारं खातं वेगळं. युगेंडआम्टकडून मिळणारी मला सगळ्यात आवडलेली गोष्ट निराळीच आहे: आईबाप विभक्त झाले आणि एकानं पोटगी थकवली, तर हे कार्यालय ठरलेली रक्कम स्वतः देतं आणि मग त्या बापाच्या, क्वचित आईच्या, मागे लागतं. बाईला वसुलीसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत.

भीती अगदीच खोटी आहे असंही नाही. २००० सालापासून इथं मुलाला मारहाणीविना वाढण्याचा हक्क कायद्यानं आहे, त्यामुळे आपला 'एक धपाटा दिला की सरळ होतो' हा खाक्या चालत नाही. मला विचाराल तर चालूही नये. धोका दिसला तर मूल तात्पुरतं ताब्यात घेता येतं. आईबापांची हरकत असेल तर प्रकरण कौटुंबिक न्यायालयात न्यावं लागतं. जर्मन न येणाऱ्या माणसाची अशा वेळी काय गत होत असेल, हे मी समजू शकते.

हे सगळं मी वहिनीला सांगितलं. ती कोरेगाव तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. ऐकून हसायलाच लागली. "वन्सं, तुमच्याकडं बाई पत्र पाठवून येती व्हय? मी तर थेट चुलीपाशी जाती." आणि ते खरंच आहे. १९७५ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेनं आपल्याकडे जे उभं केलं, ते इथं नाही: कुणाच्या घरात कोण गरोदर, कुणाचं पोर वजनात मागे, हे तोंडपाठ असलेली गावातलीच बाई. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात 'नकोशी' नावाच्या २८५ मुली गावोगाव शोधून त्यांना नवी नावं दिली गेली, त्या अशा माहितीशिवाय सापडल्या नसत्या.

पण माहिती असणं आणि हलणं यात आपण अडकतो. बालविवाहाचंच घ्या. कायद्यानं गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. गावाला मुलीचं वय ठाऊक असतं, पण लग्नाचं जेवणही गावच जेवतं. 'उगाच वाईटपणा कोण घेणार?' इथला शेजारी परका, म्हणून बिनदिक्कत फोन करतो. आपल्याकडे मुलांसाठीच्या १०९८ या मदतक्रमांकाला नाव न सांगता फोन करता येतो. तरी हात उचलत नाही.

दुसरी अडचण पैशांची, म्हणजे असलेल्या पैशांची. बालसंगोपन योजनेला आता सावित्रीबाई फुल्यांचं नाव आहे. सावित्रीबाई आपल्याच खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. २०२३ पासून त्यात मुलामागे दरमहा २२५० रुपये आहेत, आधी ११०० होते. ही अनाथ मुलांचीच योजना, असा ठाम समज. प्रत्यक्षात वडील किंवा आई वारलेली, आईबाप विभक्त झालेले, कॅन्सरसारख्या आजारानं घर बसलेलं, अशा अठरा वर्षांखालच्या मुलांनाही ती लागू होते. नवरा गेलेली बाई मात्र रोजंदारीवर भांगलायला जाते आणि मुलाला काही मिळू शकतं हे तिला कुणी सांगतच नाही.

वहिनी आता सांगते. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशनकार्ड, शाळेचा बोनाफाईड, बँकेचं पासबुक एवढं जमवून अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे जातो आणि बालकल्याण समिती आदेश देते. अनुदान वेळेवर येत नाही ही तक्रार सगळीकडचीच. वहिनीनं भरायला लावलेला एक अर्ज मंजूर झालाय. दुसरा उत्पन्नाच्या दाखल्यावर अडलाय, कारण सातबारा अजून त्या बाईच्या सासऱ्याच्या नावावर आहे आणि सासरा सही द्यायला तयार नाही.