रिबेका ग्रॅट्झ यांचे चिटणीसपद

फिलाडेल्फिया म्हटले की मराठी वाचकाला आनंदीबाई जोशी आठवतात. आनंदीबाई तेथे वैद्यक शिकायला गेल्या त्याच्या चौसष्ट वर्षे आधी, १८१९ मध्ये, त्याच शहरातील मिकवे इस्रायल या सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळाच्या, स्त्रियांनी ‘फीमेल हिब्रू बेनेव्होलंट सोसायटी’ स्थापन केली. अमेरिकेतील ज्यू स्त्रियांनी स्वतंत्रपणे चालवलेली ही पहिली मदतसंस्था होय.

तिच्यामागची प्रेरणा होती रिबेका ग्रॅट्झ यांची. १८०१ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, आई आणि बहिणीसह त्या ज्यू व ख्रिस्ती स्त्रियांच्या एका संयुक्त मदतसंस्थेच्या स्थापनेत सहभागी झाल्या होत्या, आणि पुढे शहरातील अनाथाश्रमाचेही काम त्यांनी अंगावर घेतले होते. त्यामुळे त्यांना एक गोष्ट फार जवळून दिसली: मदत घेऊन दारी येणाऱ्या काही ख्रिस्ती स्त्रिया धर्मांतराचा आग्रहही सोबत आणीत, आणि अडलेल्या ज्यू आईला तो मुकाट्याने ऐकून घ्यावा लागे. नव्या संस्थेच्या स्त्रिया स्वतः वस्तीत जाऊन घरची स्थिती पाहत आणि अन्न, सरपण, कपडे, निवारा यांची सोय करीत.

या संस्थेत ग्रॅट्झ यांनी सुमारे चाळीस वर्षे सांभाळले ते पद चिटणीसाचे. माझी आई आमच्या गावच्या महिला मंडळाची इतिवृत्ते लिहीत असे. कोणाचा अर्ज आला, कोणाला किती दिले, कोणाकडे पुन्हा जायचे राहिले, हे सारे तिच्या वहीत असे, आणि अध्यक्ष बदलल्या तरी मंडळ त्या वहीवर चालत राही. म्हणूनच ग्रॅट्झ यांचे खरे नेतृत्व मला त्या लेखणीत दिसते.

१८३८ मध्ये त्यांनी हिब्रू संडे स्कूल, म्हणजे ज्यू मुलांना धर्मशिक्षण देणारी रविवारची शाळा, सुरू केले. ज्यू मुलांसाठी इंग्रजीत योग्य पाठ्यपुस्तके नव्हती, तेव्हा ख्रिस्ती प्रकाशनांचीच पुस्तके घेऊन त्यांतील न पटणाऱ्या मजकुरावर कागद चिकटवून ती वापरली जात. पैसा आणि वेळ दोन्ही अपुरे असताना काम न थांबवण्याची ही रीत मला विलक्षण आदरणीय वाटते.

ग्रॅट्झ अविवाहित राहिल्या. १८२३ मध्ये बहीण रेचेल वारल्यावर तिची सहा मुले त्यांनी वाढवली. निराधार ज्यू मुलांसाठीचे ‘ज्यूइश फॉस्टर होम’ त्यांच्या पुढाकाराने १८५५ मध्ये उघडले, तेव्हा त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या.