१४ गेजची सुई

लष्करात अकरा वर्षे वैद्यकीय तंत्रज्ञ म्हणून काम केल्यानंतर मी नागरी रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात सहायक म्हणून रुजू झालो, तेव्हा रक्तदाब मोजणे, ईसीजी काढणे आणि स्ट्रेचर ने-आण करणे एवढेच काम माझ्या वाट्याला आले. लष्करात जखमीच्या छातीत सुई घालण्याची मुभा मला तिथल्या नियमावलीने आणि तिथल्या डॉक्टरांच्या जबाबदारीवर मिळालेली होती. गणवेश उतरला त्याच दिवशी ती संपली. नोंदणीच्या अभ्यासक्रमात माझ्या अकरा वर्षांतला एक तासही धरला गेला नाही. रक्तदाब कसा मोजावा याचे वर्ग मी पुन्हा भरले, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

त्या सकाळी सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थांना आणले. जिन्यावरून पडून डाव्या बरगड्यांना मार बसला होता, श्वास मिनिटाला ३२ आणि ऑक्सिजन ८४ टक्के होता. डावीकडे श्वासाचा आवाज जवळजवळ नव्हता, आणि बोटाने ठोकले की पोकळ नाद येत होता. आधी जीवघेणा रक्तस्राव, मग श्वासमार्ग, मग श्वसन, मग रक्ताभिसरण हा क्रम माझ्या हातांत इतका मुरलेला आहे की तिसऱ्या पायरीवर उत्तर आपोआप आले: छातीच्या पोकळीत हवा कोंडून फुप्फुस दबले आहे. त्यावर १४ गेजची (गेज म्हणजे सुईच्या जाडीचे माप), सव्वातीन इंचांची सुई लागते. पूर्वीची आखूड सुई पुष्कळांच्या छातीत आतपर्यंत पोहोचतच नाही असे दिसल्यावर ही लांबी आली. ती काखेच्या पुढच्या रेषेवर, बरगडीच्या वरच्या कडेला लागून घालायची, कारण खालच्या कडेलगत रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. हे मी अंधारात, हलत्या गाडीत केलेले आहे.

“डॉक्टर, टेन्शन न्यूमोथोरॅक्स आहे, सुई घालावी लागेल,” मी म्हणालो.

“रक्तदाब किती?”

“१४८ वर ८६.”

“मग थांबा,” असे म्हणून त्यांनी रुग्णाच्या मुलीकडची जुनी फाइल मागितली. त्या फाइलमधल्या सीटी स्कॅनमध्ये डाव्या फुप्फुसात हवेचा एक प्रचंड फुगा होता. वर्षानुवर्षांच्या सीओपीडीने, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणाऱ्या फुप्फुसांच्या जुनाट आजाराने, झिजलेल्या फुप्फुसात असा फुगा तयार होतो, त्याला बुला म्हणतात. त्या दिवशीच्या सीटीतही तो शाबूत होता, दोन बरगड्या मोडल्या होत्या आणि फुप्फुसाबाहेर छातीच्या पोकळीत हवा कुठेही कोंडलेली नव्हती. मी सुई घातली असती तर त्या फुग्याला भोक पडून, नव्हता तो न्यूमोथोरॅक्स मीच निर्माण केला असता. टेन्शन न्यूमोथोरॅक्समध्ये रक्तदाब सहसा कोसळतो; इथे तो खाली आलेला नव्हता हे मीच मोजलेले होते, तरी मी त्याकडे पाहिले नाही.

लष्करातले माझे रुग्ण भरतीच्या वेळी तपासून घेतलेले तरुण होते. झिजलेले फुप्फुस मी अकरा वर्षांत ऐकलेच नव्हते. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलातून आलेल्या चार वैद्यकीय सहायकांना घेऊन फिजिशियन असिस्टंटचा, म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्ण तपासणाऱ्या सहायकाचा, पहिला अभ्यासक्रम सुरू केला, तो दोन वर्षांचा होता. हाताशी एवढा अनुभव असताना त्यांना दोन वर्षे कशाला बसवले, असे मला पूर्वी वाटत असे. आता मला तशीच दोन वर्षे हवी आहेत, पण म्हातारपणाची, जुनाट आजारांची, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची. आमचे अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी आम्हाला काय येते हे विचारले नाही, आणि म्हणून काय येत नाही हेही त्यांना कळले नाही.

ड्यूटी संपण्यापूर्वी मी त्या गृहस्थांच्या छातीला पुन्हा स्टेथोस्कोप लावला. डावी बाजू सकाळइतकीच शांत होती, ऑक्सिजन ९० टक्के होता आणि ते बसल्या बसल्या झोपले होते.