वैरेंगतेचा नाका ओलांडताना

आसाममधल्या सिलचरहून मिझोरामची राजधानी ऐझॉलला जाणारी शेअर सुमो सकाळी लवकर पकडावी. अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, पण घाटात दरड कोसळली की तासांचा हिशेब राहत नाही. इनर लाइन परमिट, म्हणजे बाहेरच्यांना मिझोरामात शिरायचा परवाना, आधीच ऑनलाइन काढून छापील प्रत हाताशी ठेवा. मिझोरामच्या हद्दीवर, वैरेंगतेच्या नाक्यावर ते तपासतात. त्यामागचा मूळ कायदा इंग्रजांचा, १८७३ चा.

नाक्याच्या अलीकडे आसामचं लैलापूर. २६ जुलै २०२१ ला इथे दोन राज्यांचे पोलीस समोरासमोर आले, गोळीबारात आसामचे सहा पोलीस गेले. मिझोराम १८७५ ची हद्द धरतं, आसाम १९३३ ची. त्यानंतर आसामच्या बाजूने ट्रक अडले. ऐझॉलजवळच्या सैरांगची रेल्वे तेव्हा नव्हती, ती २०२५ मध्ये आली. बहुतेक माल याच महामार्ग ३०६ वरून चढायचा. दोन्हीकडे निवडून आलेली सरकारं असूनही हे घडलं, हे मला जास्त खटकतं.

वैरेंगतेपुढे डोंगर बांबूने भरलेले दिसतात. यातला मौताक नावाचा बांबू साधारण ४८ वर्षांनी एकदम फुलतो. त्याची फळं खाऊन उंदीर बेसुमार वाढतात आणि फळं संपली की भाताकडे वळतात. १९५९ चा दुष्काळ असाच आला. हे डोंगर तेव्हा आसामात होते; इशारे मिळूनही आसाम सरकारने ते मनावर घेतले नाहीत. दुष्काळात मदतीला उभ्या राहिलेल्या संघटनेतूनच १९६१ मध्ये लालडेंगांचा मिझो नॅशनल फ्रंट निघाला. १ मार्च १९६६ ला त्याने स्वातंत्र्य जाहीर केलं. चारच दिवसांत हवाई दलाने ऐझॉलवर हल्ले केले. आपल्याच शहरावर!

पुढच्या वर्षापासून दूरची गावं रिकामी करून लोकांना रस्त्याकडेच्या कुंपणबंद वस्त्यांत आणलं. शेतावर जायचं तरी पास लागे. झूम, म्हणजे जंगल तोडून-जाळून केलेल्या फिरत्या शेतीत दरवर्षी नवा उतार साफ करावा लागतो. पासाच्या वेळेत जेमतेम जवळचे उतार गाठता येत, तेही लवकरच निकस झाले आणि लोक रेशनच्या तांदळावर आले. बंडखोरांची रसद तोडायचा हा उपाय होता. लोकांची नाराजी मात्र त्यानेच वाढली.

केंद्र सरकार आणि मिझो नॅशनल फ्रंट यांच्यात शांतता करार ३० जून १९८६ ला झाला. तो टिकला याचं मोठं श्रेय मी लालथनहॉलांना देतो: निवडून आलेल्या या मुख्यमंत्र्याने खुर्ची लालडेंगांसाठी सोडली आणि स्वतः उपमुख्यमंत्रिपद घेतलं. २० फेब्रुवारी १९८७ ला राज्य झालं. १९८९ मध्ये लालडेंगांचा पक्ष हरला, पण तो पुन्हा जंगलात गेला नाही. ३० जूनला इथे ‘रेमना नी’, म्हणजे शांतता दिन पाळतात.

निवडणुकीत चर्चच्या पुढाकाराने उभा राहिलेला मंच पक्षांच्या खर्चावर आणि झेंड्या-फलकांवर नजर ठेवतो. २०२३ ची मतमोजणी रविवारी, ३ डिसेंबरला ठरली होती. रविवार इथे चर्चचा दिवस, म्हणून इथल्या मागणीवरून आयोगाने फक्त मिझोरामसाठी ती ४ तारखेवर नेली. ऐझॉलला रविवारी पोचणार असाल तर खाणं सोबत घ्या. दुकानं बंद असतात आणि टॅक्सीही सहज मिळत नाही.