सरांचे स्कोअरबुक

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी देशांतर्गत क्रिकेटमधील कारकिर्दीविषयी लिहावे, असे संपादक मंडळाचे पत्र आले. परंतु लिहायला बसलो, तेव्हा गणिताच्या सरांखेरीज दुसरे काही सुचेना. कोणते सर, हे आपल्या शाळेत कोणालाही सांगावे लागणार नाही. ते स्वतः कधी मैदानात उतरल्याचे कोणाला आठवत नाही. पण आंतरशालेय सामन्यांचे स्कोअरबुक त्यांच्या देखरेखीखाली भरले जाई आणि ताळा जुळल्याखेरीज त्यावर त्यांची सही होत नसे.

एका सामन्यात आम्ही जिंकलो होतो आणि मुलांना घरी जाण्याची घाई झाली होती. फलंदाजांच्या व अवांतर धावांची बेरीज एकूण धावसंख्येशी जुळत होती; गोलंदाजांनी दिलेल्या धावांत बाय आणि लेग बाय (चेंडू बॅटला न लागता निघालेल्या, म्हणून गोलंदाजाच्या खात्यावर न चढणाऱ्या अवांतर धावा) मिळवले की मात्र एक धाव जास्त भरत होती. निकालाला त्याने काहीच बाध येत नव्हता. तरीही सरांनी षटकामागून षटक तपासले, एका चौकोनावर बोट ठेवले आणि मला बोलावून विचारले, "हा चेंडू बॅटला लागला होता की पॅडला?" पॅडला, असे मी सांगितले. ती लेग बाय अवांतर धावांत होतीच, शिवाय गोलंदाजाच्या खात्यावरही चढली होती. तो गोलंदाज समोरच्या, पराभूत शाळेचा होता. "त्याने न दिलेली धाव त्याच्या नावावर कशाला?" एवढेच बोलून सरांनी आकडा दुरुस्त केला आणि मग सही केली.

पुढे राज्याच्या संघात सातव्या क्रमांकावर फलंदाजी आणि डावखुरी फिरकी असा दुहेरी उद्योग मी अनेक हंगाम केला. अष्टपैलू खेळाडूची कमाई दोन रकान्यांत विभागली जाते आणि निवड समितीपुढे त्यांतला कोणताही एक रकाना ठेवला, तर त्यात त्याच्यापेक्षा सरस कोणीतरी असतोच. रणजी करंडकात ६००० धावा आणि ४०० बळी असा दुहेरी टप्पा सर्वप्रथम गाठणाऱ्या जलज सक्सेनालाही भारताची टोपी मिळाली नाही, तिथे माझ्यासारख्याने तक्रार कशाची करावी?

सरांच्या एका धावेचे मोल मला रणजीने शिकवले. अनिर्णित साखळी सामन्यात पहिल्या डावातील आघाडीला तीन गुण मिळतात आणि पिछाडीवरच्या संघाला एक. बाद फेरीत तर ती आघाडीच निकाल ठरवते. २०२५च्या उपांत्य सामन्यात केरळच्या ४५७ धावांना उत्तर देताना गुजरातचा डाव ४५५ धावांवर संपला आणि त्या दोन धावांवर केरळने प्रथमच अंतिम फेरी गाठली. त्या डावात जलज सक्सेना आणि आदित्य सरवटे यांनी प्रत्येकी चार बळी घेतले होते. मूळचा विदर्भाचा असलेल्या सरवटेने पुढे नागपूरच्या अंतिम सामन्यात विदर्भाविरुद्धच ७९ धावा केल्या, तरी ३७ धावांच्या आघाडीवर करंडक विदर्भाकडे गेला. हे धावफलक वाचताना सर हवे होते, असे फार वाटले.

आता बरेच बदलले आहे. २०२३पासून आयपीएलमध्ये 'इम्पॅक्ट प्लेअर'चा, म्हणजे सामन्यात एकदा बदली खेळाडू उतरवण्याचा, नियम आल्यामुळे एका निव्वळ फलंदाजाच्या जागी निव्वळ गोलंदाज किंवा उलट असे खेळवता येते आणि दोन्ही कामे बेताची करणाऱ्याची जागा आकसते. हे मला मुळीच पसंत नाही. शालेय सामन्यांची नोंदही मोबाइलवर होते, ताळा आपोआप जुळतो, मुलांना तो करावा लागत नाही. मी सध्या सोळा वर्षांखालील मुलांना शिकवतो आणि राखीव खेळाडूंना हाताने स्कोअरबुक भरायला लावतो. त्यांना ती शिक्षा वाटते.

संपादक मंडळाला एकच विनंती आहे. सरांच्या सहीची जुनी स्कोअरबुके क्रीडाविभागाच्या कपाटात अजून असतील, तर त्यांची नीट बांधणी करून ती ग्रंथालयात ठेवावीत. त्याचा सर्व खर्च मी आनंदाने करीन.